मागितल्याशिवाय वाढायचं नाही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी अण्णांचं नाव घेतो. आज ते घेताना जीभ जराशी अडखळते, पण दुसरं कुणाचं नाव घेतलं तर ते खोटं होईल.

अण्णा डोळ्यांसमोर येतात ते हातात डाव घेऊन. तुम्ही जेवत असता, अण्णा साराचं पातेलं घेऊन पुढ्यात येतात, डाव भरतात आणि ताटाच्या वर वीतभर अंतरावर धरून तसेच थांबतात. तुमच्याकडे बघत राहतात. तुम्ही ‘वाढा’ म्हणालात तर डाव कलतो. ‘नको’ म्हणालात तर सार परत पातेल्यात. गप्प राहिलात तर तेही गप्प राहतात. “मागितल्याशिवाय वाढायचं नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी परंड्याचा. आमच्याकडे पाहुण्यानं दोनदा ‘नको’ म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा यजमानानं हात बाजूला सारून ताटात भात लोटायचा असतो. अण्णांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मी रीतीप्रमाणे ‘नको नको’ म्हणालो. भात परत गेला. मी ताटाकडे बघत बसलो. अण्णांनी आग्रहाचा एक शब्द काढला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं, तेव्हा ते स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आतच मी ओरडलो, “वाढा!” अण्णा दारातच उभे राहून हसले. “सरी! आता तू बंगळूरचा झालास, तम्मा.”

सरी म्हणजे कन्नडमध्ये बरोबर, आणि तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्यांनी मला शेवटपर्यंत त्याच नावानं हाक मारली.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. यंत्रांचे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मला तपासणी विभागात नोकरी लागली होती. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. बंगळूरमध्ये मी एका लॉजवर राहत होतो आणि मला कन्नडचं अक्षर कळत नव्हतं. अण्णा आमच्या विभागाचे प्रमुख. मला कामावर घेतलं त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात जाडी मोजायचा मायक्रोमीटर ठेवला आणि बाजूला बसून राहिले. आमच्या कॉलेजात तो कपाटात काचेआड असायचा, हाताळायला कधी मिळालाच नव्हता. मी तो नुसता उलटसुलट करत होतो. लाज सोडून शेवटी म्हणालो, “सर, मला येत नाही. शिकवाल?” त्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सबंध दुपार माझ्यावर घातली. एकदाही ‘तुला हेही येत नाही?’ म्हणाले नाहीत.

अण्णांचं मराठी ऐकून मी चकित झालो होतो. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज लष्कराबरोबर दक्षिणेत उतरले आणि इथलेच झाले. ते ‘लवकर’ला ‘सत्वर’ म्हणत. ‘स्वल्प’ हा शब्द मी फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलेला होता, अण्णा तर “स्वल्प मीठ दे रे” म्हणायचे. ते शब्द जुन्या मराठीतले की कन्नडमधले, ते मला कळेना. मी विचारलं तर म्हणाले, “गोत्तिल्ला, ठाऊक नाही. तोंडात आहेत, एवढं खरं.”

जयनगरला त्यांचं घर होतं. खाली ते एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा कलकत्त्याला नोकरीला होता. माझं लग्न ठरल्याचं कळताच त्यांनी वरच्या दोन खोल्या मला दिल्या. त्या शहरात आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कुणी किल्ली हातात ठेवत नसे. अण्णा म्हणाले, “बायकोला घेऊन ये. उपरांत बघू.” ते उपरांत कधी आलंच नाही. आमच्या गॅसच्या शेगडीसाठी त्यांनी हेलपाटे घातले. आमची मुलगी वीणा जन्मली त्या वेळी बायकोला, शैलाला घेऊन रिक्षातून दवाखान्यात गेले तेही तेच. मी कामावर होतो. मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं ते अण्णांनी, आणि तिथेच तिचं नाव ‘चिन्नी’ ठेवून टाकलं. चिन्नी म्हणजे सोनं.

आता त्यांच्या देवाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं.

अण्णा देवभक्त होते. स्वयंपाकघराशेजारी त्यांचं अरुंद देवघर होतं आणि त्यात टाक होते. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली देवाची मूर्ती, तळहातावर मावेल एवढी. पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेली. अण्णांकडे भवानी होती, घोड्यावरचा खंडोबा होता आणि कुण्या पूर्वजाचा एक झिजून सपाट झालेला टाक होता, ज्याचं नाक कुठे आणि डोळे कुठे हे फक्त अण्णांना ठाऊक. हे तिघे पूर्वजांनी पडशीत बांधून इथवर आणलेले. रोज सकाळी आंघोळ झाली की अण्णा देवघरात जात आणि आतून दार लावून घेत. विभूतीनं टाक घासत, फुलं वाहत, हलक्या आवाजात काहीतरी म्हणत. बाहेर आले की पुन्हा दार बंद.

“दार का लावता?” मी विचारलं होतं.

“कापराचा वास कुणावर सोडू नये.”

त्यांचा मुलगा दिवाळीला यायचा. गोड माणूस. पण देवघरावरून तो असा जायचा, जसं आपण घरातल्या अडगळीच्या खोलीवरून जातो. तुम्हीही अशी घरं पाहिली असतील, जिथे बाप दिवसाला दोनदा मुलाला ‘जा, नमस्कार कर’ म्हणून ढोसतो. अण्णांनी कधीच ढोसलं नाही. मला आश्चर्य वाटायचं. मी म्हणालो, “तुम्हाला वाईट नाही वाटत?”

“त्याला भूक नाही, तम्मा. भूक नसताना वाढलं तर तो अन्नाचा अपमान.”

हे वाक्य मला का लागलं ते सांगतो. मी दहावी पास व्हावं म्हणून आमच्या आईनं माझे केस देवीला बोलले होते. मला न विचारता. वर्षभर मी वेणी घालता येईल एवढे केस घेऊन शाळेत जात होतो आणि पोरं मला ‘अक्काबाई’ म्हणत होती. मी पास झालो ते रात्रंदिवस घोकून, पण श्रेय देवीला गेलं आणि केसही. आमच्या घरात देव हा असा होता. लहानपणी सक्तीनं पाजलेल्या एरंडेलासारखा. मोठेपणी मी हात जोडायचोही, पण चव तीच यायची. म्हणून अण्णांचं बोलणं ऐकलं तेव्हा मला वाटलं, बापानं असंच असावं. शैलाशी बोललो आणि आम्ही ठरवलं की वीणाला आपण काही द्यायचं नाही. ती मोठी होईल, तिला वाटलं तर ती मागेल.

वीणा वर्षाची झाली तेव्हा आई आली. परंड्याहून सोलापूर, सोलापूरहून बंगळूर, एकटी. वडील आदल्या वर्षी गेले होते. आईच्या कमरेच्या पिशवीत आमच्या घरचे टाक होते. आमचेही तेच, भवानी आणि खंडोबा. तिनं ते पिवळ्या फडक्यातून सोडवून माझ्यापुढे ठेवले.

“मला आता दिसंना झालंय. कालच्याला हळद लावली का कुकू, ते बी कळत न्हाई. आता तू सांभाळ. आन् पोरीचं जावळ तुळजापुरात काढू.”

मी म्हणालो, “आई, आम्ही तिच्यावर काही लादायचं नाही असं ठरवलंय.”

“लादायचं?” आई म्हणाली. “देव म्हंजी काय ज्वारीचं पोतं हाय व्हय?”

मी बोललो बरंच. आई ऐकत राहिली आणि मग पदर सावरून जिना उतरून खाली गेली. अण्णांचं देवघर तिनं बघितलं होतं. तिला वाटलं, हा आपला माणूस. मी मागोमाग गेलो. अण्णांनी तिला पाटावर बसवलं, ताट वाढलं, सार घेऊन आले.

“अण्णा, तुमी सांगा ह्याला,” आई म्हणाली. “तुमचंच ऐकतुया त्यो. तुमच्या घरात देव हाय, तुमाला कळतंय.”

डाव ताटावर धरलेलाच होता. अण्णा म्हणाले, “मागितल्याशिवाय वाढायचं नाही, अम्मा. पोर मोठी होऊन मागेल.”

“ती मागंल तवा वाढाया मी असंन का?”

“कुणीतरी असेलच की.”

आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “वाढा,” ती म्हणाली. सार घेतलं, मुकाट जेवली. दोन दिवसांनी टाक परत कमरेला बांधून गेली.

ती पुन्हा बंगळूरला आली नाही. दोनेक वर्षांनी ती वारल्याचा निरोप कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर आला. बूथवाला धावत बोलवायला आला होता. मी परंड्याला पोचलो, दिवस केले आणि मग देवाच्या कोनाड्यात हात घातला. कोनाडा रिकामा होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, “दसरा झाला न् म्हातारी मला घेऊन सीना नदीला गेली. पाण्यात सोडलं देव. म्हनली, मागं कुनी बघनारं न्हाई तर उपाशी कशाला ठिवायचं?”

आमच्याकडे ती रीतच आहे. टाक विकत नाहीत, कुणाला देत नाहीत. करणारं कुणी उरलं नाही तर नदीत सोडतात.

परत आल्यावर हे मी अण्णांना सांगितलं. मला काय ऐकायचं होतं कोण जाणे. अण्णांनी मान हलवली. “सरी. तिनं योग्य केलं,” ते म्हणाले आणि पिठलं-भात करून मला जेवायला घातलं. त्या दिवशी मात्र त्यांनी डाव थांबवला नाही. न विचारताच वाढलं. मला तेव्हा ते प्रेम वाटलं होतं.

वीणा शाळेत जायला लागली तेव्हा अण्णा निवृत्त झाले होते आणि शैलाला कपड्यांच्या एका कंपनीत टायपिंगचं काम मिळालं होतं. शाळा सुटली की वीणा खालीच राहायची. अण्णा तिला कन्नड पाढे शिकवायचे, ती त्यांना आपल्या बाईंची नक्कल करून दाखवायची. आम्ही संध्याकाळी आलो की दोघं पायरीवर बसून शेंगा सोलत असायची. दुसऱ्या कुणाच्या घरात ठेवण्यापेक्षा केवढं निर्धास्त होतं! मी शैलाला म्हणायचो, जगातला हा एकच माणूस आहे, जो आपल्या मुलीच्या डोक्यात काही भरवणार नाही.

एका दुपारी गावात कसलासा बंद होता आणि कारखान्याच्या बसनं आम्हाला लवकर आणून सोडलं. मी खालच्या घरात शिरलो. कापराचा वास येत होता. देवघराचं दार सताड उघडं होतं.

वीणा पाटावर मांडी घालून बसली होती. मांडीवर फडकं, फडक्यावर विभूती आणि हातात टाक. ती अंगठ्यानं तो घासत होती, अगदी सावकाश, घोड्याच्या पायांपासून वरपर्यंत. तोंडानं काही म्हणत होती. अण्णा भिंतीला टेकून बसले होते आणि जिथे ती अडायची तिथे पुढचा शब्द देत होते.

तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, चपला काढा!”

मी काढल्या. हे लिहितानाही मला त्याचं हसू येतं आणि रागही येतो.

“कधीपासून?” मी अण्णांना विचारलं.

“झाले काही महिने.”

“आपलं काय ठरलं होतं?”

“तिनं मागितलं, तम्मा.”

“काय मागितलं? देव मागितला की प्रसादाचं खोबरं-गूळ?”

“पहिल्यांदा सगळे खोबरं-गूळच मागतात,” अण्णा शांतपणे म्हणाले.

मला ते हसण्यावारी नेणं वाटलं. माझा आवाज चढला. “अण्णा, तुम्ही दार उघडं ठेवलंत. सबंध आयुष्य तुम्ही ते लावत आलात. स्वतःच्या मुलासमोर लावलंत. माझ्या आईसमोर तत्त्व सांगितलंत. आणि माझ्या मुलीला वास दाखवलात.”

वीणा घाबरून माझ्याकडे बघत होती. अण्णा तिला म्हणाले, “चिन्नी, जा, बाहेर तुळशीला पाणी घाल.” ती गेल्यावर त्यांनी तिच्या मांडीवरून सांडलेली विभूती फडक्यानं गोळा केली. बराच वेळ गोळा करत होते, एवढीशी तर होती.

“घरात कुणी नसतं आता,” ते म्हणाले. “दार कुणासाठी लावू?”

मी चपला घातल्या आणि वीणाला घेऊन वर गेलो. त्यांच्या बोलण्यानं माझं समाधान झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वीणा शाळेनंतर तिच्या मैत्रिणीकडे जायला लागली. शैला म्हणाली, “अहो, म्हातारा माणूस आहे. देव शिकवला, दारू तर नाही ना पाजली?” मी म्हणालो, “प्रश्न देवाचा नाही.” ती म्हणाली, “मग कशाचा?” मी म्हणालो, “आईचा.” अण्णा आणि मी एकाच फाटकातून ये-जा करत होतो. ते “बसची वेळ झाली का?” विचारायचे, मी “हो” म्हणायचो. संपलं.

मग त्यांचा मुलगा आला. अण्णांना आता एकट्यानं निभावेना, डोळेही अधू झालेले. घर विकायचं आणि त्यांना कलकत्त्याला न्यायचं असं ठरलं. आम्ही मारतहळ्ळीच्या बाजूला जागा घेतली. तेव्हा तिथे अजून शेतं होती, जयनगरचे लोक “तिकडे कोण राहायला जातं?” म्हणायचे. निघताना मी अण्णांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. “जेवत जा नीट,” म्हणाले. वीणा त्यांना बिलगून रडली. ते तिच्या कानात काहीतरी बोलले. मला वाटलं, निरोप घेत असतील.

नव्या घरी सामान लावताना शैलानं वीणाची खेळण्यांची पिशवी उपडी केली. सागरगोटे पडले, बाहुलीचे कपडे पडले आणि एक पिवळं फडकं पडलं. आत तीन टाक होते. भवानी, खंडोबा आणि तो नाक-डोळे नसलेला पूर्वज.

“अण्णाआजोबांनी दिले,” वीणा म्हणाली. “मी मागितले म्हणून.”

दुसऱ्या कुळाचे टाक घरात ठेवू नयेत असं आमच्याकडे मानतात. शैलानं ते उचलून फळीवर ठेवले, कारण जमिनीवर ठेवणं तिला बरं वाटेना. मी खुर्चीत बसून राहिलो. मला एवढंच दिसत होतं की माझ्या आईनं देव पाण्यात सोडले आणि ज्यांच्या शब्दामुळे सोडले त्यांचे देव माझ्या फळीवर बसलेत.

मी अण्णांना पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. पुढे त्यांच्या मुलाकडून कळलं की अण्णा पत्र वाचून घेत, खिशात ठेवत आणि पुन्हा कुणाकडून तरी वाचून घेत. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. बंगळूर त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. मी पाठवलं ते पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप अण्णांस साष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व खुशाल आहोत. तुम्ही दिलेली वस्तू मिळाली. मला विचारून दिली असती तर मी नाही म्हटलं असतं, हे तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच तुम्ही विचारलं नाही. मला शिकवलंत, घर दिलंत, माझी मुलगी तुमच्या हातात पहिल्यांदा रडली. यातलं मी काही विसरलेलो नाही. म्हणूनच हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

तुमच्याजवळ कावेरी होती, अण्णा. तुम्ही तिच्याकडे गेला नाहीत. माझी आई सीनेवर गेली. तिला तुम्ही सांगितलं होतं, मागितल्याशिवाय वाढायचं नाही. तिनं तर माझ्यापुढे ताट आणून ठेवलं होतं आणि तुम्ही डाव धरून उभे होतात. त्या दिवशी तुमच्या मनात तुमचे देव कुणाला द्यायचे हे नव्हतं, असं मी समजून चालतो. तसंच समजायची माझी इच्छा आहे. तुम्ही तसं लिहिलंत तर मी विश्वास ठेवीन.

टाक फळीवर आहेत. मी ते परत पाठवणार नाही आणि पाण्यातही सोडणार नाही. वीणा रोज घासते. दार लावत नाही.

काल तिनं मला विचारलं, “बाबा, हे तर अण्णाआजोबांचे देव. आपले कुठे आहेत?”

ती मागते आहे, अण्णा. माझ्याकडे वाढायला काही नाही.

तुमचा
तम्मा